चुकलेल्या उत्तराचं शाळा पुढे काय करते?

एका ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत, गणितात वर्गात पहिली. 'सूट व कमिशन' या प्रकरणावरच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. दिवाळीच्या खरेदीला दोघी गेल्या, तर दुकानात पाटी होती : २० टक्के सूट, आणि त्यावर आणखी १० टक्के. ड्रेसची किंमत १२०० रुपये. दुकानदाराने ८६४ रुपयांचं बिल केलं. मुलगी म्हणाली, बिल चुकलंय. ३० टक्के सूट म्हणजे ३६० रुपये कमी, ८४० व्हायला हवेत. घरी आल्यावर आईने समजावून सांगितलं, पण तिला काही पटेना. शेवटी म्हणाली, "असलं उदाहरण आमच्या पुस्तकात नाहीच." ताई विचारतात, मुलांना खरंच समजलंय याची खात्री शाळा करून घेतात का, की परीक्षेपुरतं पाठ करून घेतात? आणि अशा वेळी शाळा बदलावी का?

मी ३१ वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणित आणि विज्ञान शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. दहावीचे पेपर बरीच वर्षं तपासले, काही वर्षं नियामक (इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा पडताळणारा) म्हणूनही काम केलं. उत्तर लांबेल, कारण या एका प्रश्नाशी मी नोकरीची निम्मी वर्षं झगडलो आहे.

सरळ उत्तर आधी देतो. बहुतेक शाळा अशी खात्री करून घेत नाहीत. काही शिक्षक घेतात, आणि ते कुठल्याही शाळेत सापडतात, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित, भरमसाट फीच्या, सगळीकडे. शाळेच्या इमारतीवरून, निकालाच्या फलकावरून किंवा माध्यमावरून ते ओळखू येत नाही. ओळखायची माझी खूण एकच आहे : मुलाचं उत्तर चुकलं की पुढे काय होतं? लाल फुली मारून पान उलटलं जातं, की कोणीतरी थांबून विचारतं, "हे तू कसं काढलंस?"

तुमच्या मुलीचं ८४० हे उत्तर घ्या. ते अडाणी उत्तर नाही. टक्के म्हणजे संख्या, संख्यांची बेरीज होते, म्हणून २० आणि १० मिळून ३०, असा तिचा विचार आहे. तो चुकला कुठे, तर दुसरे १० टक्के कशाचे हे तिने विचारलं नाही. ते १२०० चे नाहीत, ९६० चे आहेत. टक्केवारी नेहमी 'कशाची तरी' असते, ही त्या प्रकरणातली खरी शिकायची गोष्ट. तिला सूत्र येतं, छापील किंमत आणि सूट दिली की विक्री किंमत काढता येते, आणि चाचणीत तेवढंच विचारलं होतं. तिला पैकीच्या पैकी गुण देणाऱ्या शिक्षकांनी काही खोटं केलं नाही. त्यांनी जे विचारलं ते तिला आलं. पण ही गोष्ट तिला समजलीय का, हे त्या चाचणीने पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं दुकानदाराने, नकळत.

आता शाळेत हे असं का होतं, ते आतून सांगतो.

पेपर तपासायला बसलो की एका केंद्राचा गठ्ठा समोर यायचा. विज्ञानाच्या एका गठ्ठ्यात एका कारणे-द्या प्रश्नाचं उत्तर मी ओळीने वाचत गेलो. प्रत्येक मुलाने तीन वाक्यं लिहिली होती, आणि प्रत्येकाच्या उत्तरात मधलं एक वाक्य गायब होतं. पहिल्या वाक्यावरून तिसऱ्यावर अर्थ पोचतच नव्हता. ती कॉपी नव्हती, तोंडपाठ उत्तर होतं. फळ्यावर उत्तर लिहून देताना शिक्षकाकडून एक वाक्य राहिलं असणार, आणि अख्ख्या वर्गाने ते राहिलेलंच पाठ केलं होतं. इतक्या मुलांपैकी एकालाही, "सर, हे इथून तिथे कसं गेलं?" असं विचारावंसं वाटलं नव्हतं. नमुना उत्तराप्रमाणे गुण द्यायचे असल्याने त्यांना तीनपैकी दोन मिळाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मीही माझ्या वर्गात तशीच उत्तरं लिहून देत होतो. माझ्या विषयाचा निकाल तेव्हा शंभर टक्के लागायचा.

शिक्षक असं का करतो, तर आळसाने नव्हे. दहावीच्या वर्गात बासष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. एका वहीला तीन मिनिटं दिली तर एका वर्गाच्या वह्या तपासायला तीन तासांहून जास्त वेळ लागतो, आणि असे वर्ग चार असतात. वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. निकालाची टक्केवारी मात्र त्याच्या नावापुढे लिहिली जाते. अशा वेळी हमखास गुण मिळवून देणारा एकच मार्ग दिसतो : गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, येणारे प्रश्न निवडा, उत्तरं लिहून द्या, तीन सराव परीक्षा घ्या. मुलाला उत्तर येतं, पण तो प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो.

मंडळाने हे मोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. गणितात 'कृती पूर्ण करा' आलं, पायऱ्यांमध्ये चौकटी ठेवायच्या आणि मुलाने विचार करत त्या भरायच्या. कल्पना चांगली होती. पण दोनेक वर्षांत त्या कृतींचेही संच निघाले, चौकटींसकट, आणि कुठल्या चौकटीत काय भरायचं हे मुलं पाठ करू लागली. बीजगणिताच्या एका पेपरात मी पाहिलं, उदाहरणातली संख्या बदललेली होती आणि मुलाने चौकटीत जुन्या उदाहरणाचं उत्तर लिहिलं होतं. प्रश्नपत्रिकेचा साचा एकदा ठरला आणि वर्षानुवर्षं तोच राहिला, की समजेची परीक्षा घ्यायला आणलेला प्रश्नही पाठांतराचा होतो.

गुण आणि समज यांच्यात किती अंतर असतं, हे तीन वर्षांच्या निकालावरून पाहा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही खरं.) एका वर्षात बारा टक्के मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के हुशार झाली, असं तर होत नाही. बदलली होती ती मोजपट्टी. तोंडी परीक्षेचे ते २० गुण खरं तर समज तपासायची सगळ्यात चांगली जागा आहेत. मुलाला समोर बसवायचं, दोन मिनिटं बोलायचं, कळतं. प्रत्यक्षात ते गुण कसे दिले जातात ते शिक्षक जाणतात आणि पालकही जाणतात. वीसपैकी अठरा-एकोणीस, हजेरीपटावर ओळीने.

आता कायद्याबद्दल, कारण पालकांना यातली एक गोष्ट बहुधा माहीत नसते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २९ व्या कलमात म्हटलंय की मुलाला विषय किती समजला आणि त्याचा वापर करता येतो का, याचं सातत्याने मूल्यमापन व्हावं. म्हणजे तुम्ही जे विचारता आहात तो केवळ तुमचा आग्रह नाही, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी तो कायद्याचा मजकूर आहे. पण लोकांपर्यंत पोचलं ते फक्त 'आठवीपर्यंत नापास करायचं नाही' एवढंच. नापास करायचं नाही म्हणजे तपासायचंच नाही, असा त्याचा अर्थ काढला गेला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, म्हणजे तुमच्या मुलीलाही ती आहे. परीक्षा परत आल्याने समज परत येईल असं मात्र मला वाटत नाही.

त्या कायद्यानंतर २०१० साली राज्यात आकारिक मूल्यमापन आलं, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याला किती समजतंय ते वर्षभर पाहत राहणं. त्याची साधनं वाचली तर आजही माझं मन भरून येतं. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, आणि चाचणीमध्ये चक्क 'पुस्तकासह चाचणी'. पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा! ती सरकारी कागदावर आहे. किती शाळांनी ती मनापासून घेतली? माझ्या पाहण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उलट प्रत्येक मुलाबद्दल ज्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, त्यांच्याच तयार याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. 'गणितातील संबोध स्पष्ट आहेत', 'उदाहरणे जलद सोडवतो', 'परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो'. सत्र संपायच्या आठवड्यात त्या उतरवून काढायच्या. मुलांनी पाठ करून लिहू नये म्हणून आणलेली पद्धत, आणि शिक्षकच नोंदी उतरवून काढताहेत. मुख्याध्यापक म्हणून मी अशा नोंदवह्यांवर सह्या केल्या आहेत. ते मला आजही बोचतं.

पुस्तकासह परीक्षा ही काही हवेतली कल्पना नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, पुढे आणखी जिल्ह्यांत पसरला, आणि २००२ साली राज्य सरकारने बंद केला. त्याची आठवीची परीक्षा मुलं पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन देत, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. आता विचार करा, मुलाकडे पुस्तक आहे म्हटल्यावर पेपर काढणाऱ्याला 'व्याख्या लिहा' असं विचारताच येत नाही. त्यालाच डोकं चालवून नवा प्रश्न काढावा लागतो. या परीक्षेचा खरा फायदा तिथे आहे. मी नववीला वर्षातून दोनदा अशी चाचणी घेऊ लागलो. पहिल्या वेळी मुलं खूश होती. अर्ध्या तासाने पुस्तकाची पानं उलटून उलटून रडकुंडीला आली, कारण उत्तर कुठल्याच पानावर छापलेलं नव्हतं. तिसऱ्या चाचणीला ती पुस्तक मिटूनच लिहीत होती.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण समज येते म्हणजे नेमकं काय होतं ते त्यात दिसतं. नववीच्या वर्गाला मी विचारलं, दुपारी बारा वाजता खांबाची सावली कुठे पडते? सगळ्यांनी एकसुरात उत्तर दिलं : "पडतच नाही सर, सूर्य डोक्यावर असतो." ही मुलं शेतात राबणारी होती. रोज दुपारी झाडाखाली भाकरी खाणारी. सावली त्यांनी जन्मभर पाहिली होती, पण शाळेच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर त्यांच्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात होतं. डिसेंबरचा महिना होता. मैदानात मीटरभर उंचीची काठी सरळ रोवली, आणि अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खिळा ठोकायला सांगितलं. बारा वाजले. सावली होती, चांगली लांब. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एकजण म्हणाला, "सर, घड्याळ पुढे असंल." मी काही बोललो नाही. साडेबारा जवळ आले तेव्हा सावली सगळ्यात आखूड झाली, तरी ती मोजली तर सत्त्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरली. मग पुन्हा लांबायला लागली.

त्या दिवशी तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. दोन प्रश्न मुलांनीच उभे केले. सावली शून्य का झाली नाही? आणि सगळ्यात आखूड बाराला न होता बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी का झाली? दुसऱ्याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकातच होतं, भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात आणि आपण ७६ अंशांच्या आसपास आहोत. दर अंशाला चार मिनिटं. हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं, बहुतेकांनी परीक्षेत ते लिहूनही गुण मिळवले होते. पण त्याचा आपल्या मैदानातल्या काठीशी काही संबंध आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. एका मुलीने तिथेच खडूने फरशीवर हिशोब केला, साडेसहा गुणिले चार, सव्वीस, आणि ओरडलीच. पहिल्या प्रश्नाला जास्त दिवस लागले. आपल्याकडे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं. म्हणून शाळेत ते कोणी पाहत नाही.

याला एकूण चार तास गेले. टाचणवहीत या घटकाला दीड तास होता. पुढचं प्रकरण मला घाईत उरकावं लागलं आणि विस्तार अधिकाऱ्यांनी तसा शेराही मारला. समजेपर्यंत शिकवायचं तर सगळा अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नाही, हे पालकांनीही ऐकायला हवं. 'अजून तिसरंच प्रकरण चाललंय' म्हणून शाळेत तक्रार घेऊन येणारे पालक मी खूप पाहिले. 'तिसरं प्रकरण समजलं का' म्हणून विचारायला आलेले फार थोडे.

एवढं वाचून कोणाला वाटेल की मी पाठांतराच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही, आणि इथे मला आजच्या बऱ्याच शिक्षणतज्ज्ञांचं पटत नाही. पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन्न हे ज्याला बोटांवर मोजावं लागतं, त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्च होतं आणि वर्गसमीकरणापर्यंत ते उरतच नाही. दिडकी, पावकी (दीड आणि पाव यांचे पाढे) येणारे जुने लोक व्याजाचा हिशोब तोंडी करायचे, ते पाठांतराच्याच जोरावर. फक्त क्रम महत्त्वाचा. सात आठे म्हणजे सात-सातचे आठ ढीग, हे गोट्यांनी करून झाल्यावर पाढा पाठ करायचा. उलटं केलं तर पाढा म्हणजे नुसतं गाणं होतं. मुलाला 'सात आठे' येतं, पण आठ साते विचारलं की ते सुरुवातीपासून म्हणत येतं.

मराठी मुलांची एक खास अडचण इथे सांगायला हवी. त्रेसष्ट म्हणताना जीभ आधी तीन म्हणते, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा. म्हणून दुसरीतलं मूल त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहितं. एकोणतीस ऐकलं की ३९ लिहितं, कारण त्याने 'तीस' ऐकलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन', 'वीस नऊ' असंही म्हणायला सुचवलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना संख्येची रचना कळावी म्हणून हा आधार आहे. मी तेव्हा त्यांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. ३६ लिहिणारं मूल मठ्ठ नाही, त्याने ऐकलेल्या क्रमाने लिहिलं. ही चूक कशातून येते हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो दोन दिवसांत ती सुधारतो. ज्याला ठाऊक नाही तो 'दहा वेळा लिही' म्हणतो.

वजाबाकीचंही तसंच. ५०३ मधून २८७ गेले, उत्तर ३८४. पाचवीच्या कित्येक वह्यांत हे सापडेल. बरोबर उत्तर २१६. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय : सातातून तीन, आठातून शून्य, पाचातून दोन. त्याने नियम पाळलाय, फक्त तो त्याने स्वतः बनवलेला नियम आहे. फुली मारून ही गोष्ट त्याला कधीच कळणार नाही. आणि ही गाठ पाचवीत सुटली नाही तर ती तशीच पुढे जाते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं, तेव्हा जेमतेम ४३ टक्के मुलांना ते जमलं. बाकीचीही बहुतेक शाळा-कॉलेजात जात होती, वरच्या वर्गात पोचली होती. त्याच पाहणीत, योगायोग पाहा, किमतीवरची सूट काढायचाही एक प्रश्न होता.

परीक्षा वाईट, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर मिटून लिहिणारे पुढे. म्हणजे स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढणं ही शिकण्याचीच क्रिया आहे. आपली मुलं रात्री जागून तीच वही पाचव्यांदा वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात उतरवतात, त्याचा फायदा पेपरापुरताच का राहतो, ते यातून समजतं. छोट्या, गुण न देता घेतलेल्या, वारंवार होणाऱ्या चाचण्या मुलांना शिकवतात. वर्षातून दोनदा होणारी भीतिदायक परीक्षा फक्त क्रमांक लावते.

माझ्या वर्गात शेवटची बारा-तेरा वर्षं मी एकच गोष्ट नेमाने केली, आणि बासष्ट मुलांच्या वर्गातही ती जमते. तासाची शेवटची पाच मिनिटं फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, पुस्तकात नसलेला पण त्याच दिवशीच्या गोष्टीवरचा. मुलांनी चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं, नाव नाही लिहिलं तरी चालेल. मोठा कोणता, ०.३५ की ०.८, आणि का? x² − ५x + ६ = ० हे समीकरण न सोडवता २ हे त्याचं मूळ आहे का ते सांग. मधल्या सुट्टीत चहा पिताना चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायचे : समजलं, अर्धवट, गोंधळ. दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशीचा तास त्या गोंधळाच्या गठ्ठ्यातल्या एका चिठ्ठीने सुरू करायचा. ती चिठ्ठी कोणाची हे न सांगता फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, हिने किंवा ह्याने काय विचार केला असेल? ०.३५ मोठा म्हणणाऱ्याने ३५ आणि ८ पाहिले, हे दुसरी मुलंच शोधून काढतात. मग कोणीतरी म्हणतं, "पस्तीस पैसे आणि ऐंशी पैसे धर की!" समीकरणाच्या चिठ्ठीने तर मी हादरलो होतो. पूर्ण सूत्र घडाघडा म्हणणाऱ्या निम्म्या वर्गाला मूळ म्हणजे 'ती संख्या x च्या जागी घातली की समीकरण जुळतं' एवढं माहीत नव्हतं.

हे सुरू केल्यावर पहिल्या वर्षी माझा निकाल थोडा खाली आला. सहकाऱ्यांनी बोलून दाखवलं, संस्थेनेही विचारलं. दोन वर्षांनी तो पूर्वीइतका झाला. पूर्वी अकरावी सायन्सला गेलेली मुलं दिवाळीत येऊन म्हणायची, सर, तिकडे काहीच कळत नाही हो. ती तक्रार नंतर कमी होत गेली. माझ्यासाठी खरा निकाल तो.

आता ताई, तुमच्या शाळा बदलण्याबद्दल. आठवीच्या मध्यावर, एका बिलावरून, बदलू नका. नव्या शाळेतही तेच पुस्तक आणि तशीच चाचणी असेल. त्याऐवजी आधी तिच्या गणिताच्या वहीतली चुकलेली पानं पाहा. बरोबर उत्तरांची पानं सगळ्या शाळांत सारखीच असतात. फुलीच्या शेजारी कुठे शिक्षकांनी काही विचारलंय का, तिने ते उदाहरण पुन्हा करून पाहिलंय का, की बरोबर उत्तर फळ्यावरून उतरवून खाली रेघ मारलीय? पालकसभेत टक्केवारी विचारण्याऐवजी शिक्षकांना विचारा की या सत्रात वर्गातल्या बहुतेक मुलांना कुठली गोष्ट अवघड गेली, आणि मग तुम्ही काय केलंत. ज्याला मुलांच्या चुका माहीत आहेत तो शिक्षक या प्रश्नावर दहा मिनिटं उत्साहाने बोलेल. असा शिक्षक मिळाला तर बाकी सगळं कमी असलं तरी ती शाळा सोडू नका. वर्षभरात एकही असा भेटला नाही, तर नववीच्या आधी शाळेचा विचार जरूर करा.

ते ८६४ रुपयांचं बिल टाकून दिलं नसेल तर मुलीकडून शाळेत पाठवा. 'हिचं चुकलं' म्हणून नको, 'हा प्रश्न वर्गाला घालाल का' अशी विनंती करून. अर्ध्याहून जास्त वर्ग ८४० म्हणेल, अशी माझी खात्री आहे.

आणि घरी तिला पुन्हा समजावू नका, ते एकदा करून झालंय. तिला एवढंच विचारा : दुकानात ५० टक्के सूट आणि त्यावर आणखी ५० टक्के अशी पाटी असती, तर ड्रेस फुकट मिळाला असता का? मग कागद-पेन्सिल तिच्यापुढे ठेवा आणि थोडा वेळ तिला एकटीला बसू द्या.